मजकुराची चाळणी आणि आपली अभ्यासिका

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत संगणक बसविण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा खर्चाविषयी फारसे कोणी बोलले नाही. चर्चा झाली ती एकाच मुद्द्यावर. मुले त्यावर नको ते पाहत बसणार नाहीत कशावरून? हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनी सकाळच्या लोकलने कामाला जाणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या होत्या. त्यांची काळजी रास्त होती. म्हणून एका विक्रेत्याकडून मजकूर गाळणारे तयार सॉफ्टवेअर विकत घेऊन बसविण्यात आले. पुढे जे घडले त्यामुळे आम्हांला या विषयाचा थोडाफार अभ्यास करावा लागला. तो सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावा म्हणून हा लेख.

घडले ते असे. अकरावीतला एक विद्यार्थी २० मार्चच्या कार्यक्रमासाठी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण तयार करीत होता. १९२७ सालच्या त्या लढ्याची माहिती देणारे मराठी पान त्याने उघडले, तर पडद्यावर लाल पट्टी आली. आक्षेपार्ह मजकूर, प्रवेश नाही. त्या पानात अश्लील काही नव्हते, शिवीगाळ नव्हती. अस्पृश्य गणलेल्या जातींची नावे मात्र होती, कारण त्यांच्याशिवाय त्या सत्याग्रहाचा इतिहास सांगताच येत नाही. नेमका कोणता शब्द खटकला हे आम्ही विक्रेत्याला विचारले. शब्दांची यादी ही कंपनीची गुप्त मालमत्ता आहे, ती दाखविता येणार नाही, असे उत्तर मिळाले. पैसे आमचे, संगणक आमचे, मुले आमची. आणि त्यांनी काय वाचू नये याची यादी मात्र आम्हांलाच पाहता येणार नाही!

ही चाळणी काम कशी करते ते आधी समजून घेऊ. मजकूर अडविण्याच्या जागा मुख्यतः तीन. पहिली जागा पत्त्याची. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा संगणक आधी 'डीएनएस' नावाच्या सेवेला त्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. टेलिफोन डिरेक्टरीत नंबर पाहावा तसे. डिरेक्टरीतून नावच खोडून टाकले तर फोन लागणार नाही. 'पाय-होल' हे साधन असे काम करते आणि तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावरही चालते. दुसरी जागा 'प्रॉक्सी'ची. अभ्यासिकेतल्या सगळ्या संगणकांची ये-जा एका मधल्या संगणकातून होते, आणि तो येणारे पान वाचून सोडायचे की नाही हे ठरवितो. १९९६ पासून 'स्क्विड' हा त्यासाठीचा प्रसिद्ध प्रोग्राम आहे. तिसरी जागा खुद्द ब्राउझरची. 'यूब्लॉक ओरिजिन' जाहिराती आणि फसवी पाने तिथल्या तिथे अडविते.

तिन्हींचे गुण-दोष वेगळे. डीएनएसची चाळणी स्वस्त आणि सोपी, पण तिला पानातले काही दिसत नाही. अडवायचे तर अख्खे संकेतस्थळ अडवावे लागते. प्रॉक्सी पानातले शब्द वाचू शकतो. मात्र आता जवळपास सगळी संकेतस्थळे 'एचटीटीपीएस' पद्धतीने मजकूर पाठवितात, म्हणजे तो बंद पाकिटात येतो. पाकीट फोडायचे तर आपल्याच संगणकांवर आपले प्रमाणपत्र बसवून 'या मधल्या यंत्रावर विश्वास ठेवा' असे त्यांना सांगावे लागते. हे करता येते, पण ते हलक्या हाताने करण्याचे काम नव्हे. बँक, रुग्णालय आणि खाजगी पत्रव्यवहार यांची पाकिटे फोडायची नाहीत, आणि बाकीची फोडली जातात हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे, असे आम्ही ठरविले.

आता शब्दांकडे येऊ. पान वाचणारी चाळणी शब्दांना गुण देते. 'डान्सगार्डियन' नावाच्या मुक्त साधनाने ही पद्धत रूढ केली. आक्षेपार्ह शब्दाला अधिक गुण, चांगल्या संदर्भाच्या शब्दाला वजा गुण, आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर पान अडवायचे. मर्यादा किती ठेवावी याचा सल्लाही त्याच्या फाइलीत लिहिलेला असे : लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १००, तरुणांसाठी १६०. 'स्तन' हा शब्द एकटा आला तर काही गुण. जवळ 'कर्करोग' किंवा 'स्तनपान' आला तर तेवढेच वजा. कल्पना साधी आहे आणि बऱ्याच अंशी चालते. पुढे डान्सगार्डियनचे काम थांबले. तरीही ते मेले नाही. त्याचा मूळ मजकूर खुला असल्याने दुसऱ्या लोकांनी तोच पुढे चालवून 'ई-टू-गार्डियन' उभे केले. एखाद्या दुकानदाराचे बंद सॉफ्टवेअर असते, तर दुकान बंद होताच आपली चाळणीही भंगारात गेली असती.

इथे 'मुक्त' म्हणजे फुकट नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम कोणत्याही कामासाठी वापरण्याची, तो कसा चालतो हे वाचून पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि मूळ वा बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याची मोकळीक असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ पासून रूढ झाले. आमच्या प्रश्नाचे उत्तर यातल्या दुसऱ्या मोकळिकीत होते. चाळणी वाचता आली पाहिजे.

म्हणून विक्रेत्याचे सॉफ्टवेअर काढून एका जुन्या संगणकावर लिनक्स, स्क्विड आणि ई-टू-गार्डियन बसविण्यात आले. हे काम अभियांत्रिकीच्या मुलांनी वर्षावासाच्या काळात रविवारी बसून केले. अश्लील व जुगारी स्थळांच्या पत्त्यांची यादी तयार मिळाली. फ्रान्समधील तुलूझ विद्यापीठ अशी वर्गवार यादी बरीच वर्षे चालवीत आले आहे आणि ती कोणालाही घेता येते. इंग्रजी शब्दांच्या याद्याही साधनाबरोबर येतात. मराठीसाठी आपल्याला उपयोगी पडेल असे काही आमच्या हाती लागले नाही. ते आपणच करायचे होते.

पहिल्याच प्रयत्नात आमची फजिती झाली. इंटरनेटवर जातीच्या नावाने होणारी शिवीगाळ आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर येऊ नये, म्हणून मुलांनी जातिवाचक शिव्यांच्या यादीत 'महार' हा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे पान उघडेना. शिवाजी महाराज उघडेनात. तुकाराम महाराज उघडेनात. कारण उघड आहे. संगणकाच्या दृष्टीने म, ह, काना आणि र ही चार चिन्हे एकापाठोपाठ आली की शब्द सापडला. 'महाराष्ट्र' आणि 'महाराज' या दोन्हींच्या सुरुवातीला तीच चार चिन्हे आहेत!

अशी फजिती जगात आधीही झाली आहे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीची खाती उघडता येईनात, कारण गावाच्या इंग्रजी नावात एक अश्लील शब्द दडलेला होता. तेव्हापासून या दोषाला त्या गावाचेच नाव पडले आहे. इंग्रजीत त्यावर उपाय सोपा : पूर्ण शब्द जुळला तरच अडवा, तुकडा जुळला तर सोडा. मराठीत मात्र हा उपायही फसतो, आणि का फसतो ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. अनेक साधनांत काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे 'अक्षर' म्हणून धरलीच जात नाहीत. पायथन भाषेतील शब्द शोधण्याच्या नेहमीच्या सोयीतही तसेच आहे. 'महाराष्ट्र'मधील र नंतर काना आला की यंत्राला वाटते, इथे अक्षर संपले, म्हणजे शब्द संपला. झाले, पूर्ण शब्द जुळला! आमच्या मुलांनी शेवटी स्वतःचा नियम लिहिला : पुढचे चिन्ह देवनागरीच्या पट्ट्यातले असेल तर शब्द संपलेला नाही.

पण मग दुसरे टोक सुटले. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात. शिवी, शिव्या, शिव्यांनी, शिव्यांमधला. फक्त मूळ रूप पकडायचे तर बाकीची सगळी निसटतात, आणि तुकडा पकडायचा तर महाराष्ट्र अडकतो. यावर तोडगा एकच दिसला. मूळ शब्द, त्याचे सामान्यरूप आणि त्याला लागू शकणाऱ्या प्रत्ययांची यादी, असे तिन्ही मिळून तपासायचे. शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ करताना कंटाळलेली मुले इथे आपणहून व्याकरणाचे पुस्तक शोधू लागली, हे जाता जाता नमूद करतो.

लिपीच्या आणखी दोन गमती आहेत. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून तपासण्यापूर्वी सगळा मजकूर एकाच तऱ्हेत आणावा लागतो. दुसरी गंमत जुन्या मजकुराची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टाइप होत असे. त्यात पडद्यावर दिसते मराठी आणि आत असतात इंग्रजी अक्षरे. अशा पानात चाळणीला मराठीचा एकही शब्द सापडत नाही. ज्याला शिवी लपवायची आहे त्याला हा जुना मार्ग अजून मोकळाच आहे.

हे सगळे जमले तरी खरा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो संगणकाचा नाही. जातीचे नाव शिवी म्हणून वापरले जाते आणि तेच नाव इतिहास म्हणूनही वापरले जाते. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट, महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला लढा, अनुसूचित जातींची यादी. यांतले एकही पान आपण मुलांपासून दूर ठेवू इच्छीत नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्या खंडांतले जातिव्यवस्थेवरील कोणतेही प्रकरण घ्या, शब्द मोजणारी चाळणी ते आक्षेपार्ह ठरवील. म्हणून आमच्या यादीत जातीच्या नावाला स्वतःचे गुण शून्य ठेवले. शेजारी उघड शिवी असेल तर गुण वाढतात. 'सत्याग्रह', 'वतन', 'रेजिमेंट', 'अनुसूची' असे शब्द असतील तर घटतात.

याउलट काही अपमान असे, की त्यात एकही वाईट शब्द नसतो. 'सरकारचे जावई' हे दोन शब्द घ्या. परक्या यादीकाराला यात काय दिसणार? लग्नसंबंध! ज्याला हे वर्गात ऐकावे लागले आहे त्यालाच त्यातले विष कळते. मराठी चाळणी कोणी बाहेरच्याने करून द्यावी अशी वाट पाहण्यात अर्थ नाही, असे आम्हांला वाटते ते यामुळे.

शासनाच्या पातळीवरील अनुभवही पाहण्यासारखा आहे. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि पाच-सहा वर्षांत कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील स्टेशनांभोवती प्लायवूडच्या केबिनांचे सायबर कॅफे उभे राहिले. अल्पवयीन मुलांना तिथे अश्लील स्थळे सहज पाहता येतात, हा प्रश्न २००१ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने समिती नेमली; २००२ मधील तिच्या अहवालात मुलांना बंद केबिनीत न बसविता सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेत बसवावे, ही शिफारस होती. आमच्या मते ती आजही कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा शहाणपणाची आहे. अभ्यासिकेतले पडदे दाराकडे तोंड करून ठेवले आहेत ते त्यासाठीच.

अडविण्याचे हुकूम मात्र अनेकदा ढोबळ ठरले. २००३ साली केंद्र शासनाने याहूवरील एक गट बंद करण्यास सांगितले. इंटरनेट कंपन्यांना एकच गट वेगळा काढणे जमेना, त्यांनी याहूचे सगळेच गट बंद केले. ११ जुलै २००६ रोजी आपल्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या दिवसांत काही मोजकी पाने अडविण्याचा आदेश निघाला, आणि ब्लॉगस्पॉटवरील हजारो लोकांचे लेखन काही दिवस दिसेनासे झाले. एका बिऱ्हाडाची थकबाकी म्हणून अख्ख्या चाळीचा नळ तोडावा तसे. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस तर ३२ स्थळे अडविल्याचे उघड झाले, त्यांत गिटहब होते. मुक्त साधने लिहिणारे लोक आपला मजकूर जिथे ठेवतात तेच हे ठिकाण.

कायद्याची बाजू विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम रद्द केले. संकेतस्थळे अडविण्याचा अधिकार देणारे ६९अ कलम मात्र कायम राहिले, आणि त्याखालील २००९ च्या नियमांत अशा तक्रारी व कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. काय अडविले आणि का, हे वाचकाला बहुधा कळत नाही.

या ठिकाणी 'रिडल्स'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८७ साली बाबासाहेबांच्या खंडांपैकी चौथा खंड निघाला, त्यातील राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून महाराष्ट्रात वादळ उठले, दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. शेवटी मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप त्यासोबत आली. तो वाद कडू होता, पण उघड होता. कोणते पान, कोणता मजकूर, कोणाचा आक्षेप, हे गल्लीतल्या माणसालाही ठाऊक होते, म्हणूनच त्याला रस्त्यावर उतरता आले. तोच मजकूर एखाद्या बंद चाळणीने गुपचूप गाळला असता, तर मोर्चा कोणी आणि कोणाविरुद्ध काढला असता? पान उघडत नाही, नेट बंद असेल, असे म्हणून मुलगा उठून गेला असता.

आपली स्वतःची चाळणीही या दोषापासून मुक्त नाही, हे कबूल केले पाहिजे. चाळणी नुसती अडवीत नाही, ती नोंदही ठेवते. कोणत्या संगणकावरून किती वाजता काय पाहिले, हे स्क्विडच्या नोंदवहीत उमटत जाते. एखादी मुलगी पाळीच्या त्रासाविषयी वाचते, एखादा मुलगा नैराश्याविषयी वाचतो. ते कार्यकारिणीच्या सभासदाला का कळावे? यावर आमच्यात दोन बैठका मतभेद झाले. काही पालकांना सगळी नोंद हवी होती. शेवटी असे ठरले, की कोणी पाहिले ते नोंदवायचे नाही. केवळ अडविलेले पान आणि अडविण्याचे कारण ठेवायचे, आणि तेही महिन्याने पुसून टाकायचे. साधन मुक्त असल्याने ही सेटिंग कोणालाही उघडून तपासता येते, आणि विद्यार्थी ती तपासतातही.

मर्यादाही सांगून ठेवतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून स्वस्त इंटरनेट मुलांच्या खिशात आले आहे, आणि अभ्यासिकेची चाळणी त्या खिशापर्यंत पोचत नाही. रमीच्या आणि पैसे लावून खेळायच्या ॲपांपायी काही घरांत काय झाले ते आपण जाणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण नाव बदलून आलेला पत्ता यादीत घालायला कोणीतरी जागे असावे लागते. चाळणी एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही. सॉफ्टवेअरला पैसे पडले नाहीत, पण दर रविवारी दोन तास कोणाला तरी द्यावे लागतात, आणि परीक्षेच्या दिवसांत ते मिळत नाहीत.

कोणाला मदत करायची असेल तर प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही. सर्वांत अडलेले काम शब्दांचे आहे : कोणता शब्द कुठे शिवी होतो आणि कुठे होत नाही. आगरी, मालवणी, वऱ्हाडी बोलींत एकाच शब्दाची धार वेगळी असते, आणि आपल्या वस्त्यांत या सगळ्या बोली बोलणारी माणसे आहेत. चुकून अडलेली पाने टिपून ठेवणे हेही मोठे काम आहे, कारण नियम बदलला की मुले तीच पाने पुन्हा उघडून पाहतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोग, तुकाराम महाराज आणि चवदार तळे या तीन चाचण्या आता कायमच्या झाल्या आहेत.

त्यासाठी अभ्यासिकेच्या टेबलावर दोऱ्याने बांधलेली एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर तक्रार, उजव्या पानावर काय दुरुस्त केले ते आणि करणाऱ्याची सही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आठवीतल्या एका विद्यार्थिनीने तिथे लिहिले आहे : जागतिक स्तनपान सप्ताहाचे पान उघडत नाही, शाळेच्या प्रकल्पाला हवे आहे, सोमवारी द्यायचा आहे. उजव्या पानावर रविवारची तारीख आहे.